ॲलन ब्लमलाइन

ॲलन डॉवर ब्लमलाइन (२९ जून, इ.स. १९०३; हॅम्पस्टेड, लंडन – ७ जून, इ.स. १९४२, वेल्श बिकनॉर, हर्फर्डशर) हे एक ब्रिटिश विद्युत अभियंता व संशोधक होते. दोन स्पीकरांच्या साहाय्याने आवाजाची दिशा आणि जागा ऐकणाऱ्याला जाणवावी, यासाठी लागणारी संपूर्ण पद्धती त्यांनी इ.स. १९३१ मध्ये एकाच पेटंटमध्ये मांडली. आज ही पद्धती स्टिरिओ या नावाने ओळखली जाते. ध्वनिमुद्रण, दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि रडार या क्षेत्रांत मिळून त्यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी, युद्धकाळातील एका गुप्त चाचणी उड्डाणात त्यांचा मृत्यू झाला. त्या गुप्ततेमुळे त्यांचे कार्य पुढे अनेक वर्षे सर्वसामान्य वाचकांना अपरिचित राहिले.

सुरुवातीचे जीवन

ब्लमलाइन यांचे वडील सेमी ब्लमलाइन हे जन्माने जर्मन होते. त्यांनी पुढे ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले. ते व्यवसायाने खाण अभियंता होते. आई जेसी डॉवर या स्कॉटिश वंशाच्या असून त्यांचे वडील विल्यम डॉवर हे दक्षिण आफ्रिकेत गेलेले धर्मप्रचारक होते.

यंत्रांविषयीची ब्लमलाइन यांची ओढ बालपणापासूनच दिसत होती. सात वर्षांचे असताना त्यांनी घरच्या दारावरील विजेची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना त्या कामाचे रीतसर बिल दिले. त्या बिलावर त्यांनी स्वतःची ओळख विद्युत अभियंता अशी लिहिली होती. वाचनात मात्र ते बरेच मागे होते. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना सफाईने वाचता येत नव्हते, असे त्यांच्या बहिणीने नमूद केले आहे. त्याच वयात ते वर्गसमीकरणे मात्र सहज सोडवीत असत. 

त्यांचे शालेय शिक्षण लंडनमधील हायगेट स्कूल येथे झाले. त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि इ.स. १९२३ मध्ये प्रथम श्रेणीत बी.एस्सी. ही पदवी संपादन केली. त्यांना संगीताची आवड होती. पियानो शिकण्याचा प्रयत्न त्यांनी काही काळ केला, परंतु तो लवकरच सोडून दिला. घोडेस्वारी आणि विमान चालवणे हे त्यांचे छंद होते.

दूरध्वनी क्षेत्रातील कार्य

इ.स. १९२४ मध्ये ब्लमलाइन इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत रुजू झाले. याच कंपनीचे पुढे स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स असे नामांतर झाले. वेगवेगळ्या कंप्रतांचे आवाज मानवी कानाला किती तीव्रतेने ऐकू येतात, याची मोजमापे त्यांनी येथे केली. दोन आवाजांची भौतिक तीव्रता समान असली, तरी कानाला ते समान वाटतीलच असे नाही. खालच्या पट्टीतील मंद आवाज कानाला कमी जाणवतो, तर मधल्या पट्टीतील आवाज स्पष्ट जाणवतो. ध्वनियंत्रणेचे मूल्यमापन अखेर कानाच्या निकषावर झाले पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या पुढील कार्यातही टिकून राहिली.

लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांमध्ये एका संभाषणाचा आवाज शेजारच्या तारेत झिरपत असे. हा दोष कमी करणारी सुधारित वेटोळी ब्लमलाइन यांनी जॉन पर्सिव्हल जॉन्स यांच्या सहकार्याने तयार केली. या कामासाठी लागणाऱ्या अचूक मोजमापासाठी त्यांनी एक विद्युत सेतुमंडलही सिद्ध केले. ते पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

ध्वनिमुद्रणाकडे वळण

मार्च १९२९ मध्ये ब्लमलाइन कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत दाखल झाले. तेथे आयझॅक शोनबर्ग हे त्यांचे वरिष्ठ होते. त्या काळी तबकडी कोरण्यासाठी वापरले जाणारे विद्युत यंत्र अमेरिकन पेटंटाखाली असल्याने कंपनीला मोठे स्वामित्वशुल्क द्यावे लागत असे. त्या पेटंटाच्या कक्षेत न येणारे नवे यंत्र तयार करणे, हे ब्लमलाइन यांच्यावर सोपविलेले पहिले काम होते.

जुन्या यंत्रात लोखंडाचा तुकडा चुंबकीय क्षेत्रात हलत असे. ब्लमलाइन यांनी त्याऐवजी चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचा वापर केला आणि त्याच्या अनावश्यक कंपनांना विद्युत उपायाने आळा घातला. हर्बर्ट होल्मन व हेन्री क्लार्क हे या कामातील त्यांचे प्रमुख सहकारी होते. नव्या यंत्रामुळे स्वामित्वशुल्काचा प्रश्न सुटला, शिवाय तबकडीवरील आवाजाचा दर्जाही स्पष्टपणे सुधारला. याच तत्त्वावर आधारित मायक्रोफोनही या गटाने तयार केला.

इ.स. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन इएमआय ही कंपनी स्थापन झाली. यांपैकी ग्रामोफोन कंपनी ही भारतीय श्रोत्यांना हिज मास्टर्स व्हॉइस या नावाने आणि तबकडीवरील कुत्र्याच्या चित्रामुळे परिचित होती. ब्लमलाइन यांचे पुढील सर्व संशोधन लंडनजवळील हेझ येथे इएमआयच्या प्रयोगशाळेत झाले.

स्टिरिओ पेटंट

इ.स. १९३१ च्या सुरुवातीला ब्लमलाइन आपल्या भावी पत्नी डोरीन लेन यांच्यासह बोलपट पाहण्यास गेले होते. पडद्यावर नट एका बाजूस असे आणि त्याचा आवाज मात्र दुसरीकडून येई. पडद्यावरील पात्राच्या हालचालीबरोबर आवाजही फिरेल अशी युक्ती आपल्याला सापडली आहे, असे त्यांनी डोरीन यांना तेव्हा सांगितले होते. या विचारातून तयार झालेल्या पेटंटाचा अर्ज १४ डिसेंबर १९३१ रोजी दाखल झाला आणि १४ जून १९३३ रोजी तो ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४,३२५ म्हणून स्वीकारण्यात आला. त्यात एकूण ७० दावे होते. स्टिरिओ हा शब्द तेव्हा या अर्थाने रूढ नव्हता. ब्लमलाइन यांनी आपल्या पद्धतीला द्विकर्णी ध्वनी असे म्हटले होते.

या पेटंटाचा पाया मानवी श्रवणाच्या अभ्यासावर आधारलेला आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानावर किंचित आधी पडतो. डाव्या कानावर तो थोडा उशिरा पोहोचतो आणि मस्तकाचा आडोसा झाल्यामुळे काहीसा क्षीणही होतो. खालच्या पट्टीतील आवाजांची दिशा ठरविताना मेंदू प्रामुख्याने वेळेतील फरकाचा आधार घेतो, तर वरच्या पट्टीतील आवाजांच्या बाबतीत तीव्रतेतील फरकाचा. अडचण अशी की, समोर दोन स्पीकर ठेवले असता दोन्ही स्पीकरांचा आवाज दोन्ही कानांवर पडतो. त्यामुळे कानांजवळ मुद्रित केलेले फरक स्पीकरांतून जसेच्या तसे पोहोचत नाहीत.

दोन स्पीकरांच्या आवाजात केवळ तीव्रतेचा फरक ठेवला, तरी दोन्ही कानांवर त्यांची जी बेरीज होते तिच्यातून खालच्या पट्टीसाठी आवश्यक असलेला वेळेचा फरक आपोआप निर्माण होतो, हे ब्लमलाइन यांनी गणिताने दाखवून दिले. आवाजाची जागा यंत्रात साठवायची नसून ती ऐकणाऱ्याच्या जाणिवेत घडवायची आहे, हे या मांडणीचे सार होते.

पेटंटातील प्रमुख घटक पुढीलप्रमाणे होते :

मायक्रोफोनांची जोडी : पुढून व मागून सारखाच आवाज ग्रहण करणारे, पण बाजूंच्या आवाजास प्रतिसाद न देणारे दोन मायक्रोफोन एकाच जागी, परस्परांशी काटकोनात ठेवणे. दोन्ही एकाच जागी असल्यामुळे त्यांच्यात वेळेचा फरक पडत नाही, फक्त तीव्रतेचा फरक राहतो. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात ही रचना आजही ब्लमलाइन जोडी म्हणून ओळखली जाते.

बेरीज व वजाबाकीचे मंडल : डाव्या व उजव्या संकेतांची बेरीज आणि वजाबाकी करून, त्यांत आवश्यक तो बदल करून ते पुन्हा वेगळे करणे. यामुळे आवाजाच्या पटाची रुंदी कमी-अधिक करता येते.

एकाच खाचेत दोन संकेत : तबकडीवरील खाचेच्या दोन भिंती परस्परांशी काटकोनात आणि पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करून कोरणे व प्रत्येक भिंतीवर एकेक संकेत मुद्रित करणे. त्यामुळे एकच सुई दोन्ही संकेत वाचू शकते.

याच काळात अमेरिकेतही या विषयावर काम सुरू होते. बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचा आवाज तारांवाटे वॉशिंग्टनला नेऊन तीन स्पीकरांवर ऐकविला होता. तो प्रयोग मोठ्या सभागृहासाठी होता. मायक्रोफोन, मुद्रण आणि पुनर्निर्मिती या सर्व टप्प्यांना एका सूत्रात गुंफणारे पेटंट हे ब्लमलाइन यांचे वैशिष्ट्य होय.

प्रयोग आणि विस्मरण

इ.स. १९३३ मध्ये इएमआयच्या प्रयोगशाळेत स्टिरिओ तबकड्या प्रत्यक्ष कोरण्यात आल्या. जानेवारी १९३४ मध्ये लंडनमधील ॲबी रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीचे प्रायोगिक मुद्रण झाले. इ.स. १९३५ मध्ये काही लघुचित्रपट तयार करण्यात आले. त्यांपैकी एकात हेझ रेल्वे स्थानकातून धावणाऱ्या गाड्या दाखविल्या असून, गाडी पडद्यावर सरकते तसतसा तिचा आवाजही सरकत जातो.

तंत्र सिद्ध झाले असले, तरी बाजारपेठ सिद्ध नव्हती. जागतिक मंदीच्या काळात घरोघरी दुसरा स्पीकर व दुसरा ॲम्प्लिफायर विकत घेतला जाणे अशक्यप्राय होते. लाखेच्या तबकडीच्या खरखरीत सूक्ष्म तपशील हरवत, आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपत असे. कंपनीने हे काम बाजूला ठेवून ब्लमलाइन यांना दूरचित्रवाणीच्या कामात गुंतविले.

लांब वाजणाऱ्या, कमी खरखरीच्या विनाइल तबकड्या आल्यानंतरच या संशोधनाला अनुकूल काळ लाभला. इएमआयने इ.स. १९५५ मध्ये स्टिरिओ ध्वनिफिती विक्रीस आणल्या. इ.स. १९५७ मध्ये अमेरिकेतील वेस्ट्रेक्स कंपनीने ४५ अंशांच्या भिंतींची तबकडी सादर केली आणि पुढील वर्षी अशा तबकड्या सर्वत्र विक्रीस आल्या. तोपर्यंत ब्लमलाइन यांच्या पेटंटाची मुदत संपलेली होती आणि त्यांच्या मृत्यूला पंधरा वर्षे उलटली होती.

दूरचित्रवाणी

मार्कोनी-इएमआय या संस्थेने विकसित केलेल्या ४०५ रेषांच्या दूरचित्रवाणी पद्धतीत ब्लमलाइन यांचा मोठा वाटा होता. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा ही पद्धती आणि जॉन लोगी बेअर्ड यांची २४० रेषांची पद्धती आलटूनपालटून वापरली जात असे. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्ड यांची पद्धती बंद करण्यात आली.

लांब केबलीतून चित्रसंकेत नेताना त्यात बाहेरचा विद्युत गोंगाट मिसळतो. यावर उपाय म्हणून ब्लमलाइन यांनी इ.स. १९३६ मध्ये एका जोडमंडलाचे पेटंट घेतले. त्यातील दोन व्हॉल्व्ह एकाच मोठ्या रोधाला जोडलेले असतात. दोन्ही तारांवर सारख्याच प्रमाणात येणारा गोंगाट त्यात दबून जातो आणि दोन्ही तारांमधील फरक, म्हणजेच मूळ संकेत, तेवढा वाढविला जातो. इ.स. १९३३ मध्ये ब्लमलाइन यांचा डोरीन लेन यांच्याशी विवाह झाला होता. त्यांना दोन मुलगे झाले.

रडार आणि मृत्यू

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ब्लमलाइन व त्यांचे सहकारी रडारच्या कामाकडे वळले. रात्री किंवा ढगांआडून उडणाऱ्या विमानाला खालच्या भूभागाचा नकाशा दाखविणारे एच-टू-एस हे रडार त्या वेळी विकसित होत होते. ७ जून १९४२ रोजी त्याच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स जातीचे एक बॉम्बफेकी विमान डेफर्ड तळावरून निघाले. ब्लमलाइन आणि त्यांचे इएमआयमधील सहकारी सेसिल ब्राउन व फ्रँक ब्लिदेन हे त्या विमानात होते. उड्डाणादरम्यान उजव्या बाजूच्या एका इंजिनाने पेट घेतला. आग पंखात पसरून विमान वाय नदीच्या खोऱ्यात वेल्श बिकनॉरजवळ कोसळले आणि त्यातील सर्व ११ जण मृत्युमुखी पडले. इंजिनाच्या देखभालीच्या वेळी एक नट पुरेसा घट्ट न केल्याने झडप निकामी झाली, असा निष्कर्ष तपासात काढण्यात आला.

ज्या यंत्राच्या चाचणीत हा अपघात झाला ते गुप्त होते. त्यामुळे युद्धकाळात या मृत्यूचा जाहीर उल्लेख टाळण्यात आला. उरलेल्या सहकाऱ्यांनी काम पुढे नेले आणि जानेवारी १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्गवरील हल्ल्यात एच-टू-एस रडार प्रथम वापरण्यात आले.

घरगुती ध्वनिसंचातील वारसा

उत्तम आवाजाच्या घरगुती संचात ब्लमलाइन यांच्या कार्याच्या खुणा अनेक ठिकाणी आढळतात. तबकडीच्या खाचेची रचना त्यांच्या पेटंटातील आहे. दूरचित्रवाणीसाठी त्यांनी योजलेले जोडमंडल आजच्या बहुसंख्य ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांच्या पहिल्या टप्प्यात असते. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांच्या चाहत्यांमध्ये लोकप्रिय असलेली अल्ट्रा-लिनिअर रचना अमेरिकेतील डेव्हिड हॅफलर व हर्बर्ट केरोस यांनी इ.स. १९५१ मध्ये प्रसिद्धीस आणली. परंतु तिचे मूळ ब्लमलाइन यांच्या इ.स. १९३७ च्या पेटंटात आहे.

त्यांच्या सिद्धांतावरून घरातील संचाच्या मांडणीविषयी काही गोष्टी सरळ निष्पन्न होतात. आवाजाचे चित्र दोन्ही स्पीकरांतील तीव्रतेच्या फरकातून घडत असल्याने, ऐकणारा दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावर असणे आवश्यक ठरते. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण होईल अशी मांडणी यासाठी सर्वमान्य आहे. श्रोता एका स्पीकरच्या जवळ सरकला, की मध्यभागी उभ्या असलेल्या गायकाचा आवाज त्याच बाजूला ओढला जातो. एका स्पीकरजवळ भिंत आणि दुसऱ्याजवळ उघडे दार असल्यास भिंतीवरून परतणारा आवाज हा समतोल बिघडवितो.

तारांची जोडणी तितकीच महत्त्वाची असते. एका स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्यास बेरजेच्या जागी वजाबाकी होते. खर्जाचा आवाज क्षीण होतो आणि मध्यभागी ऐकू यावा असा आवाज विस्कळीत होऊन कोठून येतो ते कळेनासे होते. एकाच मायक्रोफोनवर मुद्रित केलेला आवाज लावून हा दोष ओळखता येतो. जोडणी अचूक असल्यास तो आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये, जेथे कोणताही स्पीकर नाही, तेथून आल्यासारखा भासतो. तबकडीवादकाची सुई एका बाजूला कललेली असल्यास खाचेच्या एका भिंतीचा संकेत दुसऱ्यात मिसळतो आणि आवाजाचा पट आक्रसतो.

या सुधारणांना जवळजवळ खर्च नसतो. त्या दुर्लक्षित राहिल्यास ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर बदलूनही अपेक्षित लाभ होत नाही. कारण मायक्रोफोनपासून कानापर्यंतच्या साखळीत श्रोत्याची बसण्याची जागा हीसुद्धा एक कडी आहे. ब्लमलाइन यांच्या पेटंटात ही साखळी प्रथमच समग्रपणे विचारात घेतली गेली होती.

सन्मान

इ.स. १९७७ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने ब्लमलाइन यांच्या लंडनमधील ईलिंग येथील घरावर स्मृतिफलक लावला. त्यांची पुस्तकरूप चरित्रे मात्र इ.स. १९९९ व २००० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी प्रसिद्ध झाली. पहिले चरित्र रॉबर्ट अलेक्झांडर यांनी, तर दुसरे रसेल बर्न्स यांनी लिहिले. इ.स. २०१५ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या शोधाचा गौरव म्हणून ॲबी रोड स्टुडिओत फलक बसविला. इ.स. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.